पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी पाच मिनिटांची रचना कशी लिहावी

(ऑर्केस्ट्रा म्हणजे इथे सिम्फनीचा, हिंदी-मराठी गाण्यांचा नव्हे.)

१. आधी हिशोब. चार मात्रांचे बार आणि मिनिटाला ७२ मात्रांची लय धरली, तर पाच मिनिटांत ९० बार बसतात. एवढ्यात दोन विषय (मुख्य धुना) फुलत नाहीत. चार-पाच स्वरांची एकच कल्पना घ्या. सर्वांत मोठा आवाज साठाव्या बारच्या आसपास ठेवा.

२. वाद्यं. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न, ट्रम्पेट प्रत्येकी दोन; टिंपनी (मोठे नगारे), एक तालवादक आणि २४ तंतुवादक (पहिली व्हायोलिन ८, दुसरी व्हायोलिन ६, व्हायोला ४, चेलो ४, डबल बास २). पहिल्या रचनेत ट्रॉम्बोन नकोच.

३. कच्चा मसुदा. थेट पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक) उघडू नका. दोन ओळी पियानोच्या आणि तीन बाकीच्यांच्या, एवढ्यावर सगळी रचना शेवटपर्यंत लिहून काढा.

४. पियानोला जागा. बहुतेक रचना इथे फसतात. पियानोचा स्वर हातोडी पडल्या क्षणापासून विरत जातो. तंतुवाद्यांचा गज आणि फुंकवाद्यांची फुंक मात्र स्वर धरून ठेवतात, हवं तर वाढवतातही. त्यामुळे मधल्या सी-च्या (पियानोच्या मधोमध असलेल्या सी स्वराच्या) आसपास हॉर्न, व्हायोला, चेलो लांब स्वर धरून बसले, की तिथलेच पियानोचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कितीही जोरात वाजवा, बुडतात. उपाय तीन: पियानो वरच्या दोन सप्तकांत न्या आणि दोन्ही हातांनी सप्तकाच्या अंतरावर तीच ओळ वाजवा, तंतुवाद्यांना पिझिकाटो (गजाऐवजी बोटाने तार छेडणं) किंवा तुटक स्वर द्या, नाहीतर सरळ आळीपाळीने बोलू द्या. संगीतकार स्ट्राविन्स्कीने १९२४ च्या कॉन्चेर्टोत (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत) पियानोसोबत फुंकवाद्यं घेतली आणि तंतुवाद्यांतून फक्त डबल बास ठेवले.

व्हायोलिनची धून पियानोलाही देण्याचा मोह होतो. तसं केलं तर पियानो व्हायोलिनच्या स्वराला फक्त धार लावतो, त्याची स्वतःची ओळख राहत नाही.

संगणकावर वाजवून बघताना फसू नका. हेडफोनमध्ये फ्लूटचं खालचं सप्तक स्वच्छ ऐकू येतं. सभागृहात ट्रम्पेटशेजारी ते गायब होतं.

५. हात आणि पट्टी. सप्तकाएवढं अंतर बहुतेकांच्या हाताला जमतं. दहाव्या स्वरापर्यंत सगळ्यांचा पोचत नाही, तिथे कॉर्ड फोडून लिहा. काही वाद्यांवर लिहिलेला स्वर वेगळाच वाजतो: बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी सी लिहिला तर बी फ्लॅट वाजतो, एफ हॉर्नवर त्याच्या खालचा एफ. सुट्या प्रती (प्रत्येक वाद्याची वेगळी पानं) काढताना हे बदल तपासाच, तालमीचा पहिला अर्धा तास इथेच वाया जातो.

६. सुट्या प्रती. तंतुवादक दोघांत एक प्रत वापरतात, म्हणजे त्यांच्या १२ आणि इतरांच्या १४, एकूण २६. पियानोवादकाची वेगळी. दर दहा बारला अक्षरखूण (तालमीत जागा सांगायला A, B, C) द्या. लांब विश्रांतीच्या शेवटच्या बारांत शेजारच्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात छापा. पान विश्रांतीतच उलटेल असं बसवा. नाहीतर एक जण पान उलटतो आणि त्या विभागाचा अर्धा आवाज गळतो.