पीए अभ्यासक्रमाच्या प्रवेश-मुलाखतीची तयारी

फिजिशियन असिस्टंट, म्हणजेच पीए, हा डॉक्टरांच्या सोबतीने रुग्ण तपासणारा आणि उपचार करणारा आरोग्यकर्मी. अमेरिकेतील पीए अभ्यासक्रमाकडून मुलाखतीचे बोलावणे आले, की आपले गुण, रुग्णसेवेचे तास आणि शिफारसपत्रे समितीच्या पसंतीस उतरली आहेत, असे समजावे. कॅस्पा या सामाईक अर्जप्रणालीतून आलेल्या अर्जांची छाननी करूनच काही मोजक्या उमेदवारांना बोलावलेले असते. तेव्हा अर्जातील मजकूर तिथे पुन्हा वाचून दाखवण्यात अर्थ नाही. हा उमेदवार पीएचे काम नीट ओळखून आला आहे का आणि रुग्णासमोर, सहकाऱ्यांमध्ये तो कसा वागेल, हे समितीला आता पाहायचे असते. तयारीचा बराचसा वेळ याच दोन गोष्टींवर खर्च करावा, असे मला मनापासून वाटते.

‘पीए होणेच का? डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (वरचे शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणारी परिचारिका) का नाही?’ हा प्रश्न जवळपास ठरलेला असतो, आणि याच प्रश्नावर अनेक चांगले उमेदवार ढिले पडतात. वैद्यकीय पदवीपेक्षा वर्षे कमी लागतात आणि कर्जही कमी होते, हे खरे असले तरी तेवढ्यावरच उत्तर संपले, तर दुसरी वाट अवघड वाटली म्हणून हा इकडे वळला, असा अर्थ निघतो. उत्तराला पाया हवा असेल तर या पेशाचा उगम ठाऊक असावा. डॉक्टरांची कमतरता जाणवत असताना डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात पहिला पीए अभ्यासक्रम सुरू केला आणि नौदलात वैद्यकीय काम केलेल्या अनुभवी माणसांना त्यात घेतले. त्यांतील तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. आधी रुग्णांजवळ काम केलेले असावे, ही आजची अपेक्षा त्या सुरुवातीशी जुळणारी आहे. आजचे शिक्षण पदव्युत्तर असते, साधारण सत्तावीस महिने चालते आणि वैद्यकशास्त्राच्या सर्वसाधारण पायावर उभे असते. त्यामुळे पीएला पुढे एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाण्याची मोकळीक तुलनेने अधिक मिळते. नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण परिचर्याशास्त्रातून येते आणि विशिष्ट रुग्णगटावर केंद्रित असते. हा फरक सांगताना त्या पेशाला कमी लेखणारा एकही शब्द तोंडून जाऊ देऊ नये. डॉक्टरांशी पीएचे कायदेशीर नाते राज्यागणिक बदलते, म्हणून जिथे शिकायचे त्या राज्याचा नियम वाचून जावे. पीएंच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ‘फिजिशियन असोसिएट’ या नावाचा स्वीकार केला, हेही माहीत असू द्यावे.

यानंतरचे मोठे काम म्हणजे स्वतःच्या अनुभवांची उजळणी. रुग्णवाहिकेवर, नर्सिंग असिस्टंट म्हणून किंवा डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा स्क्राइब म्हणून केलेल्या कामातले पाच-सहा प्रसंग निवडावेत: एक मतभेदाचा, एक स्वतःच्या हातून झालेल्या चुकीचा, एक अपुऱ्या माहितीत निर्णय घ्यावा लागल्याचा, एक आपल्याहून फार वेगळ्या परिस्थितीतल्या रुग्णाचा. प्रत्येक प्रसंगात काय घडले, मी काय पाहिले, काय केले आणि त्यानंतर माझ्या वागण्यात काय बदलले, एवढे दीड-दोन मिनिटांत सांगता यावे. उत्तरे मात्र पाठ करू नयेत. पाठ केलेले उत्तर दुसऱ्याच वाक्याला ओळखू येते आणि मध्येच उपप्रश्न आला की कोलमडते.

उदाहरण घेऊ. ‘नर्सिंग असिस्टंटचे काम करताना मला रुग्णांविषयी सहानुभूती वाटू लागली’ हे वाक्य कोणीही म्हणू शकतो. त्याऐवजी कोणी असे सांगितले, की एक आजोबा दोन दिवस ताट तसेच परत पाठवत होते, नोंदीत ‘भूक नाही’ असे लिहिले जात होते, मी शेजारी बसून विचारले तेव्हा कवळी टोचत असल्याचे कळले, मी ते लगेच नर्सला सांगितले आणि तेव्हापासून नुसती नोंद वाचून मी समाधान मानत नाही, तर समितीला निरीक्षण, संवाद आणि आपल्या अधिकाराची मर्यादा या तिन्ही गोष्टी दिसतात. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील मात्र उच्चारू नये. गोपनीयतेचा हिपा कायदा १९९६ पासून अस्तित्वात आहे, आणि इथे झालेली बेफिकिरी समिती सहजी विसरत नाही.

काही संस्था एकेकट्याची किंवा पॅनेलसमोर मुलाखत घेतात, काही गटचर्चा ठेवतात, तर काही एमएमआय, म्हणजे ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’, पद्धत वापरतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत उमेदवार छोट्या छोट्या टप्प्यांतून जातो. दाराबाहेर प्रसंग वाचायला दोनेक मिनिटे मिळतात आणि आत काही मिनिटांत त्यावर बोलायचे असते. समजा, प्रसंग असा आहे, की सहाध्यायाच्या तोंडाला दारूचा वास येतो आहे आणि तो रुग्ण तपासायला निघाला आहे. इथे धाडकन निकाल देऊ नये. आधी रुग्णाची सुरक्षितता, म्हणून त्याला तिथेच थांबवणे. मग बाजूला घेऊन विचारणे, कारण वासामागे आजारही असू शकतो. त्यानंतर जबाबदार शिक्षकांना कळवणे आणि त्याला मदत मिळेल असे पाहणे. हा क्रम मोठ्याने विचार करत मांडावा. परीक्षकाने नवी माहिती दिली तर मत बदलायला कचरू नये. तसे बदलता येणे हा या कामात गुणच आहे. गटचर्चेत सर्वांत जास्त बोलणाऱ्यापेक्षा गप्प बसलेल्याला बोलते करणारा अधिक लक्षात राहतो.

संस्थेचा अभ्यास वरवरचा नको. तिची मान्यता नियमित आहे, तात्पुरती आहे की परिवीक्षाधीन (त्रुटींमुळे देखरेखीखाली), हे एआरसी-पीए या मान्यता देणाऱ्या संस्थेकडे पाहता येते. पॅन्स या प्रमाणन परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण आणि अभ्यासक्रम अर्धवट सोडणाऱ्यांचे आकडे अभ्यासक्रमांना जाहीर करावे लागतात. ते वाचूनच प्रश्न तयार करावेत. रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या जागा संस्था कशा मिळवून देते, मागे पडलेल्यांना कोणती मदत मिळते, हे विचारणारा उमेदवार निवड दोन्ही बाजूंनी होते हे जाणतो. अशा प्रश्नांनी समिती नाराज होते, ही भीती निराधार आहे.

सराव आरशापुढे करण्यापेक्षा अनोळखी माणसासमोर करावा आणि तो ध्वनिमुद्रित करून ऐकावा. वाक्ये कुठे लांबतात ते तिथे लगेच कळते. पोशाख औपचारिक आणि साधा असावा. मुलाखत ऑनलाइन असेल तर प्रकाश, आवाज आणि इंटरनेट आदल्या दिवशी तपासावे. स्वागतकक्षापासून कॅम्पस दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांशी आपण कसे बोलतो, तेही समितीपर्यंत पोहोचू शकते.

मुलाखत आटोपली की त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न लिहून ठेवावेत आणि संस्थेने मनाई केली नसेल तर आभाराचे छोटे पत्र पाठवावे. अनेक अभ्यासक्रम जागा भरतील तसतसे निर्णय कळवतात, त्यामुळे होकार अनपेक्षितपणे लवकर येऊ शकतो. जागा राखण्यासाठी भरायची अनामत अनेकदा परत मिळत नाही. म्हणून कोणत्या संस्थेला कितवी पसंती द्यायची, हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवून ठेवावे.