तान्हे बाळ आणि लहान मुलांसह कोकण रेल्वेने गावी जाताना

मे महिन्याच्या सुटीत, शिमग्याला किंवा गणपतीला मुंबई-ठाण्याहून गावी निघणाऱ्या कुटुंबात एक तान्हे बाळ आणि एक तीन-चार वर्षांचे मूल असेल, तर प्रवासाची आखणी मोकळ्या हातांच्या हिशेबाने करावी. दोन मोठ्या माणसांचे हात चार. त्यांपैकी दोन बाळाला लागतात, एक थोरल्याचे बोट धरायला लागतो, आणि डब्याचा दांडा धरणे, तिकीट दाखवणे, पाण्याची बाटली उघडणे या सगळ्यासाठी उरतो तो एकच. बर्थ कोणता घ्यायचा, सामान किती न्यायचे, डब्यात काय भरायचे हे सगळे या उरलेल्या एका हाताला सांभाळून ठरवले, तर मुंबई ते कुडाळ हा नऊ-दहा तासांचा प्रवास मुलांना सोसतो आणि मोठ्यांनाही गावी पोहोचल्यावर दोन दिवस अंथरूण धरावे लागत नाही.

गाडी आणि तिकीट

पहिला प्रश्न दिवसाची गाडी की रात्रीची, हा असतो. मांडवी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटते आणि सिंधुदुर्गात दुपार कलताना पोहोचते. कोकणकन्या रात्रीची आहे. ‘बाळ झोपेत जाईल’ म्हणून बहुतेक जण रात्रीची गाडी निवडतात, पण बाळ रात्री दोन-तीनदा उठणारे असेल तर माझे मत दिवसाच्या गाडीकडेच झुकते. अंधुक उजेडात दुधाची पावडर मोजणे, शेजारचे झोपलेले असताना रडणाऱ्या बाळाला घेऊन दाराजवळच्या जागेत फेऱ्या घालणे आणि पहाटे अर्धवट झोपेत दोन मुलांसह उतरणे यापेक्षा उजेडातले दहा तास खूप सोपे जातात. बाळ रात्री सलग झोपणारे असेल, तर अर्थात गोष्ट वेगळी.

दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसबाबत एक खबरदारी अवश्य घ्यावी. ती मध्यरात्र उलटून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे तिकिटावर 10 तारीख असेल, तर घरातून 9 तारखेच्या रात्रीच निघावे लागते. मुले, सामान, आजी-आजोबा अशा लवाजम्यासह एक दिवस उशिरा स्टेशनवर पोहोचणारी कुटुंबे दर हंगामात दिसतात, म्हणून तिकीट हाती येताच घरातल्या कॅलेंडरवर ‘निघण्याची रात्र’ अशी खूण करून ठेवावी.

आरक्षण गाडीच्या तारखेच्या 60 दिवस आधी खुले होते आणि गणपतीच्या दिवसांत पहिल्या काही मिनिटांतच संपते. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला तिकीट लागत नाही, मात्र त्याला स्वतंत्र बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे, नको असेल तर निम्मे भाडे पडते. थोरले मूल चार वर्षांचे असले तरी त्याच्यासाठी पूर्ण भाडे भरून बर्थ घेता येतो, आणि ऐपत असेल तर तो घ्यावाच, असे मी आग्रहाने सांगेन. तिसरी जागा हाती असली की बाळाला आडवे करता येते आणि थोरल्याला मांडीवर घेऊन दहा तास काढावे लागत नाहीत. ऑनलाइन तिकीट काढताना ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट द्यावे’ असा पर्याय असतो. तो निवडावा.

स्लीपर की थर्ड एसी, हा प्रश्न केवळ उकाड्याचा नाही. एसी डब्याच्या खिडक्या बंद असल्यामुळे धूळ येत नाही, पावसाची झड आत येत नाही, बोगद्यातला आवाज कमी होतो आणि खिडकीच्या झडपेत बोटे चेमटण्याची भीतीही राहत नाही. एक वर्षाखालील बाळासाठी मी एसीच सुचवेन. मात्र तिथे बाळाला टोपडे, पायमोजे आणि अंगभर झबले घालून ठेवावे आणि त्याला हवेच्या झोताखाली झोपवू नये.

आणखी एक गोष्ट तारीख ठरवण्यापूर्वीच पाहावी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर बाळाला एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, त्यामुळे लस आणि प्रवास लागोपाठ ठेवू नयेत. तापाच्या औषधाचे प्रमाण बाळाच्या वजनावर ठरते. ते डॉक्टरांना आधी विचारून बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवावे.

सामान

प्रत्येक मोठ्या माणसामागे पाठीवरची एक सॅक आणि हाताशी राहणारी एकच पिशवी, यापलीकडे जाऊ नये. गावी आजीकडे दुपटी, पातेली, बादल्या सगळे असते. डायपरचे मोठे पुडेही आता कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या दुकानांत सहज मिळतात. बाळाला छातीशी बांधण्याचा पट्टा असेल तर तो जरूर घ्यावा, कारण त्याने आईचे दोन्ही हात सुटतात. घडीची बाबागाडी मात्र घरीच ठेवावी. स्टेशनच्या पुलावर ती उचलावीच लागते आणि डब्यात ती ठेवायला जागा नसते.

हातपिशवीत सुटे सुटे सामान भरण्याऐवजी ‘एका वेळेचे’ पुडे बांधावेत. एक दुपटे पसरून त्यावर झबले, त्यावर डायपर, मग ओला करून पिळलेला मऊ कपडा एका लहान पिशवीत आणि मळके भरायला एक रिकामी पिशवी, असे ठेवून दुपट्याची घट्ट वळकटी करावी. असे चार-पाच पुडे केले की बाळ बर्थवर वळवळत असताना एका हाताने पुडा ओढता येतो, दुपटे तिथेच पसरता येते आणि जे हवे ते त्याच क्रमाने हाताला लागते. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून दाराजवळच्या कचरापेटीतच टाकावा. रेल्वेच्या डब्यांत आता जैव शौचालये आहेत, त्यांत डायपर टाकला की ते तुंबते आणि त्याचा त्रास साऱ्या डब्याला होतो.

खाणेपिणे

सहा महिन्यांखालील बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीच लागत नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. घोट-दोन घोट पाणी पाजण्याचा सल्ला डब्यातल्या बायाबापड्या मायेने देतात, पण तो नम्रपणे टाळावा. बाळ पाण्यासाठी कासावीस झालेले वाटले तर अंगावर अधिक वेळा पाजावे आणि त्यासाठी आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. पाजताना आडोशासाठी सुती ओढणी पुरते. खिडकीकडची कोपऱ्यातली जागा आईला द्यावी आणि शेजारी घरातल्याच कुणी बसावे.

वरचे दूध पावडरचे असेल तर ते घरून करून नेऊ नये. उकळलेले पाणी थर्मासमध्ये कडकडीत भरावे, मोजलेली पावडर छोट्या कोरड्या डब्यांत एकेका वेळेची वेगळी ठेवावी आणि ऐन वेळी गरम पाण्यात दूध करून ते कोमट होऊ द्यावे. केलेले दूध दोन तासांच्या आत संपले नाही, किंवा बाळाने बाटली उष्टी करून सोडली, तर उरलेले ओतून द्यावे. बाटल्याही मोजून न्याव्यात, कारण गाडीत त्या उकळता येत नाहीत.

सहा महिन्यांवरच्या बाळासाठी केळे हे सर्वांत भरवशाचे, कारण ते सालीत बंद असते आणि चमच्याने खरवडून देता येते. नाचणीचे सत्त्व किंवा भाजलेल्या तांदूळ-मुगाची पूड थर्मासच्या पाण्यात कालवता येते. थोरल्यासाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, राजगिऱ्याचा लाडू हे पदार्थ दिवसभर टिकतात आणि हाताला फारसे लागत नाहीत. मांडवीत गरम वडे, भजी, आम्लेट सतत फिरत असते आणि त्या गाडीच्या खाण्याची कीर्ती आहेच. थोरल्याला ताजा वडा पोटभर खाऊ द्यायला हरकत नाही. पण शेंगदाणे, फुटाणे, चिक्की आणि अख्खी द्राक्षे चालत्या गाडीत लहान मुलाच्या हाती देऊ नयेत, कारण एका हिसक्यात दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

ओआरएसची पावडर जवळ असावी आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती कालवावी. फळांच्या चवीची तयार गोड पेये ही तिची जागा घेत नाहीत. मूल झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध पाजण्याची सवय काही घरांत असते. ती धोक्याची आहे, तसे कदापि करू नये.

डब्यात

जागेवर बसताच आधी खिडकी तपासावी. स्लीपरच्या खिडकीची लोखंडी झडप खाचेत नीट अडकली नसेल तर धक्क्याने खाली येते, आणि मुलांची बोटे नेमकी त्याच चौकटीवर असतात. झडप दोन्ही बाजूंनी दाबून पाहावी. आणीबाणीची खिडकी उघडता येण्याजोगी असते, त्या खिडकीशी मूल बसवू नये. आपली जागा तिथे आली असेल तर सहप्रवाशाला विनंती करून ती बदलून घ्यावी. लोक सहसा नाही म्हणत नाहीत.

दिवसा मधला बर्थ मिटलेला असतो आणि खालच्या बर्थवर तिघे बसतात, त्यामुळे बाळाला पूर्ण बर्थ मिळेल हे गृहीत धरू नये. वरचा बर्थ आपला असेल तर सॅक तिथे ठेवून पायांखालची जागा मोकळी करावी. मुलांना मात्र वर एकटे ठेवू नये. साडीची झोळी बर्थच्या साखळ्यांना बांधलेली दिसते आणि बाळे तिच्यात छान झोपतातही, पण गाडीच्या हिसक्याने गाठ सरकते आणि जाता-येता माणसांचे धक्के लागतात. आईने बाहेरच्या कडेला आडवे होऊन बाळाला भिंतीकडे झोपवणे अधिक सुरक्षित आहे.

कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो आणि चिपळूण सोडले की बोगदे दाट होत जातात. स्लीपरमध्ये बोगद्यात शिरताना येणारा गडगडाट बाळाला दचकवतो. अशा वेळी त्याला छातीशी घेऊन वरचा कान तळव्याने झाकावा, किंवा तेव्हाच पाजायला घ्यावे. थोरल्याला आधीच सांगून ठेवले की भीतीचा खेळ होतो: बोगदा आला की मोठ्याने आकडे म्हणायचे आणि उजेड दिसला की थांबायचे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्यात शंभरापर्यंतचे आकडे दोन-तीनदा म्हणून होतात, आणि आकडे न येणारे मूलही दहापर्यंतची पारायणे करत राहते. रत्नागिरी सोडल्यावर पानवलच्या उंच पुलावर त्याला कडेवर घेऊन दरी दाखवावी. मोबाइल हाती देण्याची वेळ त्यामुळे बरीच पुढे ढकलली जाते.

थोरल्याला सुटल्यासुटल्या एकदा आणि मग दर दोन तासांनी स्वतःहून शौचालयात न्यावे. ‘लागली आहे’ असे त्याने सांगेपर्यंत थांबले, तर नेमकी रांग असते. जाताना दाराकडे त्याचे मनगट धरावे, बोट नव्हे. बोट निसटते. त्याच्या दंडावर पेनने एक मोबाइल क्रमांक लिहून ठेवावा. गाडीत कोणतीही अडचण आली तर रेल्वेचा 139 हा क्रमांक आहे.

उतरताना

वैभववाडी, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ अशा स्थानकांवर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. काही ठिकाणी फलाट बुटका असतो, तर कधी आपला डबा फलाटाच्या टोकाला येतो आणि पायरीवरून खाली बरेच अंतर उरते. साऱ्या प्रवासातला खरा कठीण भाग हाच आहे, म्हणून त्याची तयारी अर्धा तास आधी सुरू करावी. आधीच्या स्थानकाचे नाव ठाऊक ठेवावे आणि ते गेले की थोरल्याला चप्पल-बूट घालून, बाळाचे डायपर बदलून, पिशव्या दाराजवळच्या बाकाशी आणाव्यात. पावसाळ्यात, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रक वेगळे असते. त्या दिवसांत घड्याळावर विसंबू नये.

उतरण्याचा क्रम ठरलेला असावा. गाडी पूर्ण थांबल्यावर आधी एकाने पाठीवर सॅक घेऊन रिकाम्या हातांनी उतरावे. मग त्याने थोरल्याला काखेत धरून खाली घ्यावे आणि आपल्या दोन पायांमध्ये उभे करावे. त्यानंतर बाळाला पट्ट्याने छातीशी बांधलेल्या आईने दांडा धरून, डब्याकडे तोंड करून, एकेक पायरी उतरावे. पिशव्या सर्वांत शेवटी, आणि त्या खाली देण्यासाठी एखाद्या सहप्रवाशाला आधीच सांगून ठेवावे. पिशवी राहिली तर ती पुढच्या स्थानकावरून मिळवता येते, म्हणून सामान आधी आणि माणसे मागून असे कधीही करू नये. गाडी हलली असेल तर उरलेल्यांनी उतरण्याचा प्रयत्नच करू नये. पुढच्या स्थानकावर उतरावे, फोन करावा, मागे राहिलेल्यांनी तिथेच थांबावे.

इथली बरीच स्थानके गावापासून दूर आहेत. न्यायला येणाऱ्याला वेळ कळवून ठेवावी किंवा ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगावे. पुढचा रस्ता वळणांचा असेल तर निघण्यापूर्वी अर्धा तास मुलांना भरपेट काही देऊ नये. गाडीत न लागलेले मूल घाटात हमखास ओकते. घरी पोहोचल्यावर बाळाला बघायला सारी वाडी गोळा होते आणि त्या कौतुकाला बाळ मुकू नये, पण आधी त्याचे हातपाय कोमट पाण्याने पुसून, कपडे बदलून, आतल्या खोलीत अर्धा तास शांत पाजून घ्यावे आणि मगच बाहेर आणावे. थोरल्याला मात्र अंगणात मोकळे सोडावे, तो दिवसभर बसून असतो. विहिरीचे पाणी दोघांनाही, आणि बाळाच्या बाटल्यांनाही, पहिल्या दिवसापासून उकळूनच वापरावे.