देशोदेशींचे ठेके मुलांच्या बँडला शिकवताना

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा बँड उभा करायला घेतला, की पहिल्याच दिवशी प्रत्येकाला आपले वाद्य हातात हवे असते. हा उत्साह मोडू नये. मात्र नवा ठेका अंगात भिनेपर्यंत वाद्ये बाजूलाच राहतील, एवढा नियम शिक्षकाने कसोशीने पाळावा. बोटे तयार असूनही अनोळखी ठेका चुकतो, कारण जोर कुठे द्यायचा आणि कोणती जागा मोकळी सोडायची हे कानाला उमगलेले नसते.

सुरुवातीला क्यूबन संगीताचा कणा असलेला ‘सोन क्लावे’ घ्यावा. सर्वांना गोल उभे करून एक ते सोळा आकडे संथपणे मोजायला सांगावे आणि १, ५, ९, १३ या आकड्यांवर पाऊल टाकायला लावावे. पावले स्थिर झाली, की १, ४, ७, ११ आणि १३ या आकड्यांवर टाळी द्यायची. पहिली आणि शेवटची टाळी पावलाबरोबर पडते, त्यामुळे ती कोणालाही जमते. सातवर व अकरावर पडणाऱ्या टाळ्या दोन पावलांच्या बरोबर मध्ये असल्याने त्याही लवकर बसतात. खरी अडचण चारवर येते, कारण पाचचे पाऊल लगेच मागून येत असते आणि टाळी त्याच्याकडे ओढली जाते. अशा वेळी लय वाढवून काही साधत नाही; उलट ती आणखी उतरवावी, निम्म्या गटाला फक्त पावले व निम्म्याला फक्त टाळ्या द्याव्यात आणि मग अदलाबदल करावी. आकडे मनातल्या मनात मोजूनही टाळी चुकेनाशी झाली, म्हणजे तोच ठेका काठ्यांवर आणि पुढे ड्रमसेटवर न्यायला हरकत नाही.

जमैकाच्या रेगेमध्ये अडचण वेगळी आहे. तिथल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चार मात्रांपैकी पहिलीवर किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, वाजतच नाही. किक आणि स्नेअर (काठीने वाजवायचा, कडक आवाजाचा ड्रम) तिसऱ्या मात्रेवर एकत्र पडतात, तर गिटार किंवा कीबोर्ड दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तुटक कॉर्ड देतात. रॉकवर वाढलेल्या ड्रमरचा पाय सवयीने पहिलीवर पडतो. त्याला त्या मात्रेवर तोंडाने ‘एक’ म्हणायला लावून पाय रोखायला सांगावे. मोकळ्या जागेलाही आवाज मिळाला, की ती पाळणे सोपे जाते. बेस गिटारवाल्याला शेजारीच बसवावे, कारण त्या दोघांचे जुळले तरच बाकीचे उभे राहू शकतात.

स्वरलिपी मागाहून दिली तरी चालते. बहुतेक लोकप्रिय संगीत कानानेच शिकले जाते, तेव्हा मूळ ध्वनिमुद्रण ऐकवून प्रत्येक वेळी एकाच वाद्याचा माग काढायला सांगावा. नवख्यांसाठी सोपा, पण खरोखरच लागणारा भाग निवडावा. नुसती शोभेची खुळखुळी हातात दिलेली मुलांना बरोबर कळते.

एका सत्रात दोन किंवा तीनच परंपरा घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. सात देशांची सात गाणी वरवर वाजवून विविधतेचा देखावा होतो, कान मात्र तयार होत नाही. सांबा शिकवायचा तर ब्राझीलमध्ये तो मिरवणुकीत चालता चालता, मोठ्या ताफ्याने वाजतो, हे सांगावे आणि मुलांनाही चालतच वाजवायला लावावे. गटातल्या एखाद्या मुलाच्या घरात ते संगीत असेल, तर त्याची इच्छा असल्यास त्याला दाखवू द्यावे. पण त्याला साऱ्या संस्कृतीचा प्रवक्ता करू नये.

आता आवाजाविषयी. सरासरी ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. लहान खोलीत ड्रमसेट आणि दोन अँप (गिटारचे ध्वनिवर्धक) ही पातळी सहज गाठू शकतात, म्हणून अँपची तोंडे भिंतीकडे न ठेवता वाजवणाऱ्याच्या कानाकडे तिरकी करावीत, म्हणजे तो आवाज आपणहून कमी करतो, आणि ड्रमरला इअरप्लगशिवाय बसू देऊ नये.