काँगोला साइटवर निघायच्या आधी पुण्यातच उरकायची कामं

काँगोला जायचंय कळलं की नवीन पोरं आधी व्हिसा नि अलाउन्सचं विचारतात. ते ऑफिस बघतं. तुमच्या हातात जे आहे ते भोसरीतनं निघायच्या आधीच करायचं, कारण कोल्वेझीच्या तांबं-कोबाल्टच्या खाणीवर डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर चालू करून द्यायला गेलात की लुबुम्बाशी शहर तिथनं जवळपास ३०० किलोमीटर लांब, आणि एक साधी ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी रिंग, जरी नसली तरी मशीन, क्लायंट आणि तुम्ही तिघंही बसून राहता. मी तीनदा जाऊन आलोय, त्यातनं जे कळलं ते लिहितोय.

पहिलं काम यलो फीवरची लस. ती फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते, बऱ्याच ठिकाणी ठराविक वारीच देतात आणि आधी नंबर लावावा लागतो, म्हणून तिकिटाची तारीख ठरायची वाट बघत बसू नका. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, एकदा घेतली की आता आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा. पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा, कारण काँगोत शिरताना तर लागतंच पण परत येताना मुंबईलाही विचारतात, आणि नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

आता सामान. पहिल्या ट्रिपला माझे दोन दिवस गेले ते कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरपायी. जनरेटरच्या कंट्रोलरला लॅपटॉप जोडायचा यूएसबी टू आरएस ४८५ कन्व्हर्टर मी आठवणीने घेतला होता, पण लॅपटॉप नवीन होता, त्यात ड्रायव्हरच टाकलेला नव्हता, आणि साइटचं सॅटेलाइट इंटरनेट एवढं हळू की डाउनलोड अर्ध्यावर जाऊन तुटायचं. दोन रात्री मी कंटेनर ऑफिसात त्या टक्केवारीकडे बघत बसलो होतो आणि बाहेर अख्खी टीम खोळंबलेली. म्हणून सांगतो, निघायच्या आदल्या आठवड्यात शॉपवर एका कंट्रोलरला तोच लॅपटॉप, तीच केबल, तोच कन्व्हर्टर लावून, वायफाय बंद करून पॅरामीटर म्हणजे कंट्रोलरच्या सेटिंग वाचून आणि लिहून बघा. सॉफ्टवेअरचं लायसन्स ऑफलाइन चालतंय का, ड्रॉइंग आणि मॅन्युअल नुसती फोनमध्ये न राहता लॅपटॉपमध्ये आहेत का, सगळं तेव्हाच कळतं. शिवाय एक जादा कन्व्हर्टर, दोन ऑइल प्रेशर सेन्सर, स्पीड पिकअप (इंजिनचा वेग मोजणारा सेन्सर), फ्यूज, केबलचे ग्लँड आणि वायरच्या टोकाला लावायचे फेरूल तरी न्याच. तिकडे लाल धूळ एवढी असते की एअर फिल्टर आपल्या हिशोबाच्या फार आधी चोक होतो, आणि डिझेलमध्ये पाणी निघतं, ते पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर रोज ड्रेन करायला लावा, नाहीतर इंजिनात डिझेल सोडणारा इंजेक्टर गेला की तुमच्याच माथी येतं.

टूल सगळे चेक-इनमध्ये, पण कन्व्हर्टर, सेन्सर आणि सेफ्टी शूज केबिन बॅगेत, कारण आदिस अबाबाला विमान बदलताना बॅग मागे राहिली तर शूजशिवाय खाणीच्या गेटमधून आत घेत नाहीत. पॉवरबँकही हातातल्या बॅगेतच न्यायची, मर्यादा १०० वॉट-अवर, म्हणजे २०,००० एमएएचची साधारण ७४ होते, ती चालते. मीटर-स्कोप अशी मोजायची उपकरणं नेताय तर सिरियल नंबरची यादी करून जाताना मुंबईच्या कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, येताना वाद होत नाही.

पैसे म्हणजे डॉलर. तिकडे डॉलर सर्रास चालतो, पण काठाला जरा फाटलेली किंवा खूप जुनी नोट कुणी घेत नाही, तेव्हा इथे घेतानाच काउंटरवर एकेक नोट उजेडात धरून बघा आणि सुट्ट्या छोट्या नोटा मागा. गो पास नावाचा विमानतळाचा कर असतो, तो तिकिटात धरलाय का हे विचारून ठेवा. विमानतळ, पूल, पोलीस, खाण यांचे फोटो अजिबात काढू नका.

भाषा फ्रेंच आणि स्वाहिली. दोन शब्द तरी शिका, ऑपरेटर लगेच मोकळे होतात. फ्रेंचमध्ये पान म्हणजे बिघाड, फ्युइट म्हणजे गळती, स्वाहिलीत हतारी म्हणजे धोका. आणि स्वाहिलीत चाय म्हणजे चहाच, गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा म्हणतात, हे ऐकून मला पहिल्यांदा फार बरं वाटलं होतं.

खायचे हाल शाकाहारी माणसाचे जास्त. मेसमध्ये बुकारी म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा असतो, आपल्या उकडीच्या जवळचा, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असली की जातो. जून-जुलैत जात असाल तर स्वेटर घ्या, पहाटे आपल्याकडच्या डिसेंबरसारखी थंडी पडते.

घरच्यांना जायच्या आधीच सांगा की तिकडची वेळ आपल्या इथल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे आणि नेटवर्क दोन-दोन दिवस नसतं. ऑफिसातल्या एकाचा नंबर आईला किंवा बायकोला देऊन ठेवा. माझ्या आईने पहिल्या वेळी दोन रात्री फोन उशाशी ठेवून काढल्या होत्या, ते मला आजही लागतं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, मलेरिया. तिकडचा फाल्सिपॅरम जातीचा आहे, जीव घेणारा. डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या सुरू करा, आणि परत आल्यावर बंद करू नका, डॉक्सीसायक्लिन असेल तर घरी आल्यावरही ४ आठवडे घ्यायची असते, पोटभर खाऊन, भरपूर पाण्यासोबत, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. आमच्या एका सहकाऱ्याने चिंचवडला घरी येताच गोळ्या सोडल्या. बाराव्या दिवशी ताप. पावसाळा होता, प्लेटलेट कमी आल्या म्हणून डेंग्यूचे उपचार चालू झाले, काँगोचं ना त्यांना कुणी विचारलं ना त्यांनी सांगितलं, तीन दिवसांनी स्मिअर, म्हणजे मलेरियासाठी रक्ताची तपासणी, केला तेव्हा कळलं आणि तोवर आयसीयू. ते वाचले. तुम्हाला परतल्यावर महिना-दोन महिन्यांत कधीही ताप आला, अगदी अंग कसकसलं तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि नाव सांगायच्या आधी सांगा की मी काँगोहून आलोय, मलेरियाचा स्मिअर आत्ता करा.