गाडीतच संसार मांडताय? कागदांच्या या चुका टाळा

"काका, आता गाडीतच राहायचंय, मग पत्ता कशाला लागतो?" असं विचारणारं एखादं पोरगं महिन्याकाठी भेटतंच. अरे बाबा, आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, विमा, लायसन, बँक, सगळ्यांना दार लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेजारच्या राज्यातली गाडी घेऊन ती नावावर न करणं. मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर जुन्या मालकाच्या सह्या घ्यायच्या, ते डॅशबोर्डात कोंबायचे आणि 'करू सावकाश' म्हणत निघायचं. मीही असाच शहाणा होतो. बिदरहून जुनी ट्रॅव्हलर आणली, आत पलंग-शेगडी बसवली आणि दीड वर्ष कोकणापासून कच्छपर्यंत हिंडलो. लातूरला परतल्यावर एनओसीसाठी, म्हणजे तिथल्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्यासाठी, मालकाला फोन लावला, तर त्याच्या बायकोने उचलला. त्याला जाऊन आठ महिने झाले होते. सह्या केलेले फॉर्म एका क्षणात रद्दी. मग वारसाचा दाखला, मालक वारल्यावर लागणारा ३१ नंबरचा फॉर्म, एक मुलगा दुबईत, त्याची संमती. बिदरच्या चार खेपा झाल्या. ती माउली दर वेळी चहा पाजायची, त्यामुळे चिडताही येईना.

गाडी घेणाऱ्याला नाव लावायला कायद्याने ३० दिवस दिलेत. आता मी शेवटचे २५ हजार हातातच ठेवतो. २८ नंबरच्या फॉर्मवरची एनओसी आली आणि बँकेचा बोजा उतरला, की मगच देतो. चेसिस नंबरचा पेन्सिलीने घेतलेला ठसाही सौद्याच्या दिवशीच काढून घेतो. 'एनओसीबिगर करून देतो' म्हणणारा एजंट भेटला, तर चहासुद्धा त्याच्या पैशाने पिऊ नका.

बीएच नंबर, म्हणजे सगळ्या देशात चालणारा 'भारत' मालिकेचा नंबर हवाय? तो सरकारी नोकरांना, किंवा चार वा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतल्यांना मिळतो. नोकरी सोडून फिरायला निघालेल्यांनी तो नाद सोडावा.

राज्य बदललं की लगेच नवीन पासिंग लागतं, हीही अफवाच. एका राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तरच तिथला नंबर घ्यावा लागतो. गाडी कुठे कधी होती ते टोलवरून दिसतं, म्हणून मी फास्टॅगचा हिशेब दर तिमाहीला छापून ठेवतो. कुणी अडवलं की कागद पुढे करतो.

पलंग-शेगडी आरटीओची परवानगी न घेता बसवू नका. मी बसवली होती, पुढे सगळी उचकटावी लागली.

आता पत्ता. आधार एका मित्राच्या खोलीवर, लायसन पुण्याच्या जुन्या भाड्याच्या घरावर, मतदान तिसरीकडेच, असली खिचडी करून लोक माझ्याकडे येतात. बीड-धाराशिवकडचा ऊसतोड मजूर पाच-सहा महिने फडावर असतो, पण त्याचं रेशन, आधार, मतदान सगळं गावच्या घरावर. त्याला कळतं ते गाडीत इंडक्शन बसवणाऱ्यांना कळत नाही. ज्या घरात तुमची टपाल उघडून वाचणारं माणूस आहे, तोच पत्ता सगळीकडे घाला. माझी धाकटी बहीण औशाला असते, तिचं घर घातलंय. आरसीवरचा पत्ता बदलला तर ३० दिवसांत ३३ नंबरचा फॉर्म भरा. मतदारयादीसाठी ८ नंबरचा.

आणि मोबाइल नंबर बदलून घ्या. माझ्या आरसीला मयत मालकाचाच नंबर होता. दुसऱ्या खेपेला चहा ठेवता ठेवता ती माउली म्हणाली, "भाऊ, पुण्याकडं गाडी लई जोरात पळवलीत म्हणं. मेसेज आलाय."