‘या विषयावर संशोधनच नाही’ असं लिहिण्याआधी या चुका तपासा

शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये सर्च केला, निकाल शून्य. लगेच प्रबंधात वाक्य उमटतं: ‘या विषयावर आजवर संशोधन झालेलं नाही.’ जरा थांबा. बहुतेक वेळा संशोधन असतं, गडबड आपण टाइप केलेल्या ओळीत असते.

सगळ्यात महागात पडते ती अवतरणचिन्हांची चूक. नेमकं हवं म्हणून आपण शब्द अवतरणात घालतो. पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधण्याचा डेटाबेस, एरवी आपल्या शब्दांचं ‘मेश’ या प्रमाणित शब्दसूचीत भाषांतर करतं: ‘हार्ट अटॅक’ टाकलं तरी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’वरचे पेपर दिसतात. अवतरण लावलं किंवा शब्दाच्या शेवटी तारांकन जोडलं, की हे भाषांतर बंद पडतं. म्हणजे काळजी घेऊन आपणच दार लावून घेतो. उलट, फक्त मेशवर विसंबूनही चालत नाही, कारण प्रत्येक नोंदीला मेशचे शब्द जोडलेले नसतात. मेशचे आणि आपले साधे, दोन्ही प्रकारचे शब्द ‘ऑर’ने (OR) जोडा. पबमेडला आपली ओळ नक्की कशी कळली, ते अ‍ॅडव्हान्स्ड पानावरच्या हिस्टरीत, डिटेल्सखाली दिसतं. तिथे फारसं कुणी डोकावत नाही. मी तर आधी तिथेच जातो.

दुसरी भानगड कंसांची. ‘एक्सरसाइज ऑर योगा अँड डायबेटिस’ अशी ओळ घ्या. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं, स्कोपस हा दुसरा डेटाबेस ‘ऑर’ आधी सोडवतो; दोघांकडे निकाल मधुमेहापुरते राहतात. वेब ऑफ सायन्स हा तिसरा डेटाबेस मात्र ‘अँड’ आधी सोडवतो आणि व्यायामावरचं जगभरचं सगळं समोर ओततो. ‘ऑर’चे शब्द कंसात घातले की तिघेही सरळ वागतात. आणि हो, पबमेडमध्ये हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांतच लिहायचे.

‘नॉट’पासून शक्यतो लांबच राहा. मुलांवरचे पेपर हवेत म्हणून प्रौढ वगळलेत, तर दोन्ही वयोगटांवरचे पेपरही जातात, आणि गेलेलं दिसतही नाही. ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगं दोन्ही टाकावीत, हे वेगळं सांगायला नको.

गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-सर्चवर, ‘लाखभर निकाल’ पाहून हुरळू नका. तो आकडा अंदाजाचा असतो आणि प्रत्यक्षात पहिले 1000 निकालच पाहता येतात. पद्धतशीर आढाव्यासाठी (सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे विषयावरचं सगळं संशोधन गोळा करून तपासणं) एकट्या स्कॉलरवर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात नवं काही मिळत नसेल, तर विषय थंडावलेला नसतो. तिथे बऱ्याच नियतकालिकांचे ताजे अंक, साधारण 3 ते 5 वर्षांचे, मुद्दाम मागे ठेवलेले असतात.

पेपर सापडला पण पैसे मागतोय? स्कॉलरमध्ये त्याच नोंदीखालची ‘ऑल व्हर्जन्स’ची लिंक उघडा. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली मोफत प्रत कधीकधी तिथेच मिळते.