गाडी उभी, जवळ प्लग पॉइंट नाही: बॅटरी सांभाळताना या चुका टाळा

गाडी दोन-चार महिने उभी राहणार असते, जिथे उभी आहे तिथे लाईटचा पॉइंट नसतो, आणि परत येऊन सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. मग विचारणा सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला, बॅटरी भरत ठेवायला सोलर पॅनल कुठला घेऊ? अरे पण आधी बघा तरी बॅटरी खातंय कोण! गाडी लॉक करून किल्ली खिशात टाकली तरी अलार्म, सेंट्रल लॉकिंग, इमोबिलायझर (चोराला गाडी चालू करू न देणारी यंत्रणा), घड्याळ, ईसीयूची म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी हे सगळे थोडा थोडा करंट ओढतच असतात. धडधाकट गाडीत हा आकडा साधारण २० ते ५० मिलीअँपिअर. ऐकायला काहीच नाही, पण ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर (एक अँपिअर करंट तासभर गेला की एक अँपिअर-अवर), महिन्याला ३६, आणि छोट्या कारची आख्खी बॅटरीच बऱ्याचदा ३५ ते ४५ ची असते. त्यात डॅशकॅम किंवा ट्रॅकर डायरेक्ट सप्लायवर टाकलेला असेल तर विचारूच नका.

म्हणून माझी सवय अशी की गाडी महिन्याच्या वर उभी राहणार असेल तर बॅटरी फुल्ल चार्ज करायची आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं, बास. सुटी केलेली चांगली बॅटरी स्वतःहून महिन्याला ३ ते ५ टक्के उतरते, कडक उन्हाळ्यात जास्त, पण तीन-चार महिने आरामात निघतात. लोकांना हे आवडत नाही कारण यात विकत घेण्यासारखं काही नाही, फक्त एक १० नंबरचा पाना लागतो. घड्याळ परत लावावं लागेल, काही गाड्यांत स्टिरिओ कोड मागतो, काचांचं ऑटो परत सेट करावं लागतं, मान्य. तेवढं करा की. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी, कारण पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते ती बघून पुन्हा बोनेट उघडायची हिंमत होणार नाही. आणि बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं लॉक इलेक्ट्रिकवर असेल तर टर्मिनल काढून डिकी धाडकन लावू नका, आधी ती किल्लीने उघडते का बघून घ्या.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. "दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो ना, चार्ज होते." नाही होत! म्हणजे होते, पण हिशोब करून बघा. आठवड्यात ३० मिलीअँपिअरने जातात ५ अँपिअर-अवर. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, पूर्ण ताकदीने देत नाही, त्यातून गाडीचा स्वतःचा खर्च वजा करा, बॅटरीला समजा १५ अँपिअर गेले असं अगदी उदार मनाने धरलं तरी पाच मिनिटांत सव्वा अँपिअर-अवर जमा. गेले पाच, आले सव्वा. गळक्या बादलीत वाटीने पाणी ओतायचा प्रकार आहे हा. वर बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की करंट घ्यायलाच हळू लागते, शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात, तिथे घाई चालत नाही. आणि इंजिन नीट गरम न होता बंद केलं की सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, म्हणजे बॅटरीही भरली नाही आणि इंजिनलाही त्रास. चालू करायचीच असेल तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका. बंद गॅरेजमध्ये शटर खाली ओढून इंजिन चालू ठेवणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, तो धूर जीव घेतो, बॅटरी गेली खड्ड्यात.

सोलरला माझा विरोध नाही, अलार्म चालूच ठेवायचा असेल तर सोलरच लागतो. पण तो कसा लावतात ते बघा. ओळखीतल्या एका काकांनी डॅशबोर्डवर ठेवायचं पॅनल आणलं, त्याचा प्लग लायटर सॉकेटमध्ये खोचला आणि निर्धास्त मनाने लांब गावाला गेले. परत आले तर रिमोटसुद्धा चालेना. मला म्हणाले, अरे पॅनल तर चालू आहे, तो निळा लाईट बघ ना कसा लुकलुकतोय. मी म्हटलं काका, सॉकेट राहू दे, आधी बॅटरीवर मीटर (व्होल्ट मोजायचा) लावू. नऊ व्होल्टसुद्धा धड नव्हते. झालं होतं असं की त्यांच्या गाडीत इग्निशन बंद केलं की लायटर सॉकेटचा बॅटरीशी संबंधच तुटतो, बऱ्याच गाड्यांत हेच असतं, आणि तो निळा लाईट पॅनलच्याच करंटवर चालत होता. म्हणजे इतके महिने सूर्याने इमानदारीत फक्त एक एलईडी पेटवला. काकांना ते पटवायला बॅटरी तपासण्यापेक्षा जास्त वेळ गेला, शेवटी किल्ली काढून सॉकेटवर मीटर टेकवून शून्य दाखवलं तेव्हा कुठे गप्प झाले. बॅटरी गेलीच, कारण इतकी खाली जाऊन पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही.

तर इग्निशन बंद करून, किल्ली बाहेर काढून, सॉकेटमध्ये १२ व्होल्ट येतात का हे आधी बघा. येत नसतील तर वायर थेट बॅटरीला, पॉझिटिव्हला टर्मिनलजवळच ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज टाकून. फ्यूज कशाला म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

पॅनलचा साइझ हा पुढचा गोंधळ. दीड-दोन वॅटचं खेळणं काचेमागे आडवं ठेवून दिवसाला पाव अँपिअर-अवर मिळालं तरी नशीब, म्हणजे गाडी जितकं खाते त्याच्या निम्मंही नाही. १० वॅटचं पॅनल घ्या, ते कडक उन्हात साधारण अर्धा अँपिअर देतं, चार तास धड ऊन मिळालं तर दोन अँपिअर-अवर, आणि ते काचेबाहेर, सूर्याकडे तोंड करून ठेवा. गाडीवर कव्हर घालून आत पॅनल ठेवणारेही मी पाहिलेत, त्यांना काय बोलणार. १० वॅट किंवा त्याहून मोठ्या पॅनलला चार्ज कंट्रोलर (बॅटरी भरली की चार्जिंग आवरणारा छोटा डबा) लावाच, कारण ऊन असताना रिकाम्या पॅनलचे व्होल्ट २१-२२ पर्यंत जातात आणि भरलेल्या बॅटरीत ते महिनोन्महिने ढकलत राहिलात तर आतलं पाणी उडून जातं. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. गाडी शेडमध्ये आणि ऊन लांब असेल तर लांब वायर पॅनल ते कंट्रोलर अशी ठेवा आणि कंट्रोलर बॅटरीजवळ, उलट केलंत तर वायरमध्ये पडणारे व्होल्ट बॅटरीच्या वाट्याचे जातात.

तळघरात गाडी असेल, ऊनच नसेल, तर बॅटरी उचलून जिथे लाईट आहे तिथे न्या. जड असते, सरळ धरा.

दुसरी भरलेली १२ व्होल्टची बॅटरी जंपर केबलने नुसती जोडून "चार्जिंगला लावणं" हा प्रकारही थांबवा, दोन्ही सारख्या पातळीला येतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. पूर्ण भरायला १४ व्होल्टच्या वर लागतात, ते मधे व्होल्ट वाढवून देणारा डीसी चार्जर असल्याशिवाय मिळत नाहीत. जंप स्टार्टरचा डबा म्हणजे चार्जर नव्हे, तो एकदा सेल्फ मारून देतो, बॅटरी भरत नाही.

मीटर लावायची पण घाई नको. गाडी बंद केल्या केल्या १२.९ दिसले म्हणून खूश होणारे फार, तो वरवरचा चार्ज असतो. रात्रभर सोडा, सकाळी बघा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ ला मी चार्जिंगला घेतो, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली दिसली तर उद्या-परवा नाही, आजच. आणि नीट चार्ज करून रात्रभर ठेवल्यावरही जर आकडा साडेदहाच्या आसपासच येत असेल तर बॅटरीच्या आतला एक सेल (कप्पा) गेलाय, तिथे सोलर, पाना, कंट्रोलर कशाचाच उपयोग नाही, नवीन बॅटरी घ्या.